म्हातारी कुठे गेली हे सगळ्यांना माहीत होतं

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दाराची काच वाजली तेव्हा शिंपीण एका विजारीची दुमड उसवत बसली होती. दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. खिडकीशी मशीन, मधे कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात इस्त्री आणि मागच्या भिंतीला तयार कपड्यांचं कपाट. दुकान आठाला उघडतं असं दारावर लिहिलेलं आहे. काच वाजवणारी बाई समोरच्या औषधाच्या दुकानात कामाला होती, म्हणजे डॉक्टरांचं अक्षरसुद्धा तिला लागत असे. पण धीर निघत नव्हता.

"हा स्कर्ट जरा कमरेत सैल करायचा होता," ती म्हणाली.

शिंपिणीने टेप लावून पाहिली. "हा तुम्हाला दोन बोटं सैलच आहे."

"हो का? मग आवळा थोडा." बाईचे डोळे टेबलावरून, मशीनवरून, आतल्या खोलीच्या पडद्यावर जाऊन थांबले. "काही कळलं का हो, आईंचं?"

"नाही."

"आणि खाली फरशी नवी घातलीत म्हणे?"

"आमच्या घराला खाली काही नाही. हाच तळमजला आहे."

"नाही, लोक म्हणतात म्हणून विचारलं."

शिंपिणीने स्कर्टची घडी केली आणि तिच्या हातात परत दिली. जो कपडा बसतो तो आपण हातात घेत नाही, असं तिने शांतपणे सांगितलं. हे वाक्य गेल्या दोन आठवड्यांत ती इतक्यांदा बोलली होती की त्यातला राग झिजून गुळगुळीत झाला होता. कुणी धडधाकट पडदे घेऊन यायचं, कुणी बटणं पक्की असलेला सदरा. एका गृहस्थाने तर नवा कोरा रुमाल आणला होता आणि त्याचं काय करायचं ते त्याला सांगता येईना. सगळ्यांना आतला पडदा बघायचा होता. आणि ज्यांचे खरे कपडे शिवून, इस्त्री होऊन, कापडी खोळीत घालून कपाटात टांगलेले होते, ते मात्र फिरकत नव्हते. चिठ्ठ्या टाचलेल्या खोळी ओळीने लोंबत होत्या. ज्या घरात असं काही झालंय त्या घरातला कपडा अंगाला लावायचा कसा, असं त्यांचं म्हणणं. तोंडावर कुणी बोललं नव्हतं. तोंडावर कुणी काहीच बोलत नव्हतं.

झालं होतं ते असं. एका शुक्रवारी सकाळी शिंपिणीची सासू घरातून नाहीशी झाली. नवरा मालट्रक घेऊन लांबच्या फेरीवर होता. म्हातारीला ऐंशीच्या पुढची वर्षं लागली होती. काल काय खाल्लं ते तिला आठवत नसे, पण जुन्या गिऱ्हाइकांच्या खांद्यांची मापं तोंडपाठ होती. मुळात दुकान तिचंच. शिंपीण लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवायला वेळ लागायचा. म्हातारीने तिला काज करायला शिकवलं, मग कॉलर, मग कोट. शिकवताना शिव्या दिल्या, आणि शिकून झाल्यावर तर जास्तच दिल्या. दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य गल्लीला पाठ होतं. भांडण नेहमी बाहीवरून नाहीतर अस्तरावरून व्हायचं, एवढाच तपशील गल्लीला ठाऊक नव्हता, कारण तो कुणी विचारला नव्हता.

त्या सकाळी सासूचा बिछाना ओला झाला होता. महिन्यातून एक-दोनदा व्हायचा. शिंपिणीने तिला पुसून, कोरडे कपडे घालून खुर्चीत बसवलं आणि बिछाना मागच्या अंगणात नेऊन साबणाने घासला. आत आली तर खुर्ची रिकामी, रस्त्याचं दार उघडं, आणि म्हातारीची तपकिरी शाल खुंटीवर नाही. सपाता दारातच. म्हणजे बाहेर जायचे बूट घातलेले. तिने गल्ली पालथी घातली, बसथांबा पाहिला, आणि मग चौकीत जाऊन वर्णन दिलं: ठेंगणी, पांढरे केस, करडा स्कर्ट, काळे बूट, तपकिरी शाल.

पहिल्या दिवशी लोकांनी खरंच शोधलं. पाववाल्याने सायकलवरून नदीपर्यंत चक्कर मारली. शाळेच्या पहारेकऱ्याने तळघर तपासलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरच्या बाईने, जिला सगळी इमारत पाठीमागे 'बिनतारी' म्हणते, जिन्यात सहज सांगितलं की म्हातारी गेली त्याच सकाळी सून बिछाना घासत होती. दुपारपर्यंत तो बिछाना लाल झाला. संध्याकाळपर्यंत लोकांना आठवलं की घर म्हातारीच्या नावावर आहे, आणि ट्रकवाल्याने मागच्याच महिन्यात अंगणात सिमेंट घातलंय. सिमेंट घातलं होतं ते गटाराचं झाकण हलत होतं म्हणून, पण झाकणाकडे बघतो कोण! कुणीतरी म्हणालं की "आता कापल्याशिवाय गत्यंतर नाही" असं सून ओरडल्याचं आपण कानांनी ऐकलंय. शिंप्याच्या घरात हे वाक्य रोज कुणीतरी ओरडतंच. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ते वेगळं. इथे जीभ टाळ्यावरून खाली यायलाच तयार नव्हती.

तिसऱ्या दिवशी शोध थांबला. कुणी थांबवला नाही. म्हातारी कुठे आहे हे सगळ्यांना माहीत झाल्यावर शोधायचं काय उरलं?

मग गळ्यात फोन अडकवलेला एक तरुण येऊन दारासमोर उभा राहिला आणि स्वतःच्याच चेहऱ्यासमोर बोलू लागला, "या बंद दारामागे नेमकं काय दडलंय?" दार बंद नव्हतं. शिंपीण दारातच उभी होती. तिने सांगितलं, "दादा, त्यापेक्षा त्यांचा फोटो दाखवा. तपकिरी शाल आहे म्हणून सांगा. कुणीतरी पाहिलं असेल." तो म्हणाला, "ताई, फोटो कोण बघतं? तुम्ही जरा रडाल का?" ती रडली नाही. ती रडली नाही हेच त्याने पुढे दाखवलं, आणि ते पुष्कळांनी पाहिलं.

मग बिनतारी चौकीत जाऊन सांगून आली, आणि साहेब आले ते पहारी घेऊनच आले. फौजदार होता, वयाने शिंपिणीहून लहान, वागायला वाईट नव्हता. तिने हात जोडले नाहीत, पण आवाज खाली ठेवला.

"साहेब, अंगण कुठे जात नाही. ते पुढच्या आठवड्यातही खणता येईल. आई बाहेर आहेत आणि थंडी पडायला लागलीय."

"बाई, आम्हाला आमचं काम करू द्या."

"मीही तेच म्हणतेय."

"लोकांचा दबाव आहे हो," तो म्हणाला, आणि हे मात्र खरं होतं. नदीकाठ पिंजून काढायला ज्या माणसांनी नावं दिली होती तीच अंगणाच्या भिंतीवर ओळीने बसली होती. सिमेंट फुटलं. खाली गटाराचा पाइप निघाला, एक गंजलेली कात्री निघाली आणि एक पुरुषी बूट निघाला. कात्री बघून भिंतीवरून 'आहा' असा आवाज आला. कात्री आणि बूट तपासणीला गेले. अंगण आडवं-उभं खणून झालं. दुकानातलं कपाट मात्र कुणी उघडलं नाही. आत गिऱ्हाइकांचे कपडे आहेत, असं ती म्हणाली आणि त्यावर सगळ्यांचा विश्वास बसला. ती खरं बोलते असं त्यांना वाटलं ते नेमकं या एकाच बाबतीत.

नवरा फेरी अर्धवट टाकून परतला होता. दिवसभर तो हातात म्हातारीचा फोटो घेऊन वाहनतळांवर फिरायचा, आणि जेवायला बसला की ताटाकडे बघत राहायचा. एकदा भाकरीचा तुकडा मोडता मोडता तो म्हणाला, "अगं, त्या दिवशी तुमचं दोघींचं काही वाजलं होतं का?"

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. "वाजलं होतं. आदल्या संध्याकाळी. अस्तर खाली सैल सोडलं नाहीस म्हणून मला बोलत होत्या."

"नाही, मी आपलं विचारलं."

"सगळे आपलं विचारताहेत. तुम्ही तरी आईंना शोधा."

तो उठून बाहेर गेला. गल्लीचं बोलणं तिने अंगावरून जाऊ दिलं होतं. हे बोलणं गेलं नाही.

औषधवाली स्कर्ट घेऊन परतली त्याच दिवशी, अकराच्या सुमाराला, वाचनालयातल्या बाई आल्या. हे पंधरवड्यातलं पहिलं खरं गिऱ्हाईक. हिरवा लोकरी कोट त्यांनी अस्तर बदलायला टाकला होता आणि म्हातारी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, त्या तो न्यायला येणार होत्या. बाई दारातच घुटमळल्या.

"ताई, मी आधीच येणार होते."

"हो. शनिवारी."

"पण म्हटलं, अशा वेळी कपडे मागायला कुठे जायचं."

"कशा वेळी?"

वाचनालयातल्या बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, "लोक बोलत होते. मला यायचं धाडस झालं नाही. आता थंडी सोसवेना म्हणून आले."

निदान ही बाई खोटं बोलली नाही, एवढं शिंपिणीने मनात नोंदवलं आणि कपाट उघडलं. चिठ्ठी पाहून तिने खोळ हँगरसकट खाली काढली. काढतानाच हाताला कळलं. त्या कोटाचं वजन हाताला ठाऊक होतं. तोंडात एक टाचणी धरलेली होती, ती तिने आधी काढून उशीत खोचली. मग खोळीच्या नाड्या सोडल्या.

आत कोट नव्हता. हँगरवर म्हातारीची तपकिरी शाल होती. दुहेरी घडी घालून, दोन्ही खांद्यांवर सारखी सोडून, खोळ रिकामी पडून चुरगळू नये अशी बेताने टांगलेली. हे काम धांदलीतलं नव्हतं. आयुष्यभर ज्याने कपडे टांगले त्याच माणसाचा हात होता तो.

"माझा कोट?" वाचनालयातल्या बाई म्हणाल्या.

शिंपीण टेबलाला टेकून उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे कोट नव्हता, नव्या नवरीच्या वयातली ती स्वतः होती, अंगात एका वकिलाच्या बायकोचा लांब काळा कोट घालून पूल ओलांडणारी. म्हातारीचा नियम होता: तयार कोट हातावर टाकून न्यायचा नाही, मोड पडते, पिशवीत तर नाहीच नाही. तो अंगात घालायचा, वरपासून खालपर्यंत बटणं लावायची, ताठ चालत जायचं, आणि गिऱ्हाइकाच्या दारात काढून त्याच्या हातात द्यायचा. कोट माणसाच्या अंगावरूनच न्यायचा असतो, ती म्हणायची. मोठी गिऱ्हाइकं तेव्हा नदीपलीकडच्या बंगल्यांत राहायची. आता ते बंगले उरले नाहीत, तिथे कचेऱ्या झाल्यात. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हातारी सोडून.

म्हातारी घर सोडून गेलीच नव्हती. ती कामावर गेली होती.

"तुमचा कोट माझ्या सासूबाईंच्या अंगात आहे," शिंपीण म्हणाली. "चौकीत तुम्ही फोन करा. कोट कसा आहे ते सांगा."

"पण तुम्हालाच जास्त..."

"मला सगळं माहीत आहे. पण माझं कुणी ऐकत नाही. तुमचं ऐकतील."

वाचनालयातल्या बाईंनी फोन केला. गडद हिरवा, लोकरी, मोठी काळी बटणं, कॉलर रुंद, अस्तर नवं. पलीकडून फौजदाराने अदबीने 'हो मॅडम, हो मॅडम' केलं आणि लिहून घेतो म्हणाला. शिंपीण त्या लिहिण्यावर विसंबून राहिली नाही. अलीकडची रुग्णालयं तिने पहिल्याच दिवशी विचारली होती, आता तिने नदीपलीकडच्या रुग्णालयांना फोन लावायला सुरुवात केली. एकाने नाही म्हटलं, एकाने बराच वेळ ताटकळत ठेवून नाही म्हटलं. मग सरकारी रुग्णालयातल्या एका सिस्टरचा आवाज बदलला.

"हिरवा कोट? एक आजी आहेत आमच्याकडे. पण त्या चांगल्या घरच्या वाटतात."

"चांगल्याच घरच्या आहेत," शिंपीण म्हणाली. "मी येते."

दुपारी वॉर्डात तिला सगळं कळलं. म्हातारी पहिल्याच संध्याकाळी एका विमा कचेरीच्या मागच्या बंद दाराच्या पायरीवर बसलेली सापडली होती. दिवसभर तिने तिथली घंटा वाजवली होती. आधी थंडीने काकडली, मग छातीत कफ झाला. नाव विचारलं की ती म्हणायची, "कोट द्यायचाय." भ्रमात आहे असं समजून कुणी पुढे विचारलं नाही. रुग्णालयाने त्यांच्या चौकीला रीतसर कळवलं होतं: सुखवस्तू घरातली वृद्धा, अंगात उंची हिरवा कोट. अलीकडच्या चौकीत नोंद होती: शिंप्याच्या घरची म्हातारी, तपकिरी शाल. शाल चुकली होती, आणि ती शिंपिणीचीच चूक होती. पण वय, उंची, पांढरे केस, काळे बूट आणि दिवस, सगळं जुळत होतं. दोन चौक्यांच्या मधे एक पूल आणि एक फोन होता. पण अलीकडच्या चौकीचं सगळं मनुष्यबळ अंगणात उतरलं होतं आणि तिथे एका बुटाचा छडा लावत होतं.

म्हातारी पलंगावर अर्धी झाली होती. नाकात नळी, हातात सुई. उशाशी लोखंडी कपाटात कोट टांगलेला. सुनेला बघून तिने डोळे किलकिले केले.

"आलीस? ते दार उघडत नाहीयेत. तू बघ जरा."

"बघते. तुम्ही पडा."

"आणि त्याचं अस्तर खाली सैल सोडलं नाहीस. ओढ बसेल."

"सोडलंय, आई. नीट बघा तुम्ही."

"मला शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलंत. सोडलंय म्हणून सांगतेय ना!"

सिस्टर धावत आली आणि आजारी माणसाशी असं बोलतात का म्हणून सुनेला रागावली. म्हातारीने सिस्टरला, "तू मधे पडू नकोस," म्हणून सांगितलं. दोन आठवड्यांतलं हे तिचं पहिलं सरळ वाक्य होतं, असं सिस्टर नंतर म्हणाली.

डॉक्टर तरुण होती, आडपडदा न ठेवता बोलली. छाती निवळते आहे. पण अनोळखी हातून त्या घास घेत नव्हत्या, मारून मुटकून चमचा-दोन चमचे जायचं. अंगातली ताकद गेलीय, पायांवर उभ्या राहतील की नाही सांगता येत नाही. "पहिल्या चार दिवसांत ओळखीचं कुणी आलं असतं तर खूप फरक पडला असता," ती म्हणाली. "कुणीच कसं शोधलं नाही यांना?"

त्याचं उत्तर शिंपिणीच्या गल्लीत राहत होतं.

गल्लीत बातमी तिच्या आधी पोचली होती. आम्ही तर पहिल्यापासून म्हणत होतो, सापडतील. रात्रीतून नवा पाठही तयार झाला: कोट घालून सुनेनेच बाहेर काढलं होतं म्हणे. फोनवाला तरुण दोघींची भेट टिपायला रुग्णालयात येऊ का विचारत होता. "आनंदाची बातमीही लोक बघतात, ताई." तिने त्याच्या तोंडावर दार लावलं. त्याला हवं होतं ते बंद दार त्याला एकदाचं मिळालं. फौजदाराने बरं झालं म्हणून निरोप पाठवला. खड्डा कोण बुजवणार असं विचारल्यावर तो आमच्या अखत्यारीत येत नाही असं कळलं. बुटाचा अहवाल अजून आलेला नाही.

दुसऱ्या दिवशी बिनतारी झाकलेलं भांडं घेऊन खाली आली. सूप होतं.

"आईंसाठी हो. जिवात जीव आला बघ आमच्या."

शिंपीण इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी ठेवली. "वहिनी, मी बिछाना धूत होते ते तुम्ही गॅलरीतून पाहिलंत."

"अगं, ते मी आपलं सहज..."

"म्हातारं माणूस घरात असताना बिछाना का धुवावा लागतो, हे तुम्हाला कळतं. तुमच्या सासऱ्यांचं तुम्ही चार वर्षं केलंत. मला विचारायला एक जिना उतरायचा होता. तो तुम्ही उतरला नाहीत. चौकीपर्यंत मात्र चालत गेलात."

"पण मला बाई काय माहीत!"

"तेच म्हणते मी. तुम्हाला माहीत नव्हतं."

बिनतारी भांडं घेऊन उभी राहिली. ते ठेवावं की न्यावं हे तिला ठरवता येईना. शिंपिणीने तिला त्यात काही मदत केली नाही. शेवटी भांडं वर गेलं. त्या संध्याकाळी जिन्यात म्हणे ऐकू आलं की शिंपीण फार शेफारलीय.

नवऱ्याने लांबच्या फेऱ्या सोडून जवळच्या मागितल्यात. जेवताना तो तिच्याकडे बघून काहीतरी बोलायला जातो आणि मीठ मागतो. ती मीठ देते. अजून तरी त्यापलीकडे काही देत नाही. वाचनालयातल्या बाईंनी कोट वॉर्डातच राहू दे म्हणून सांगितलं, आणि त्या रोज फोन करून म्हातारीची चौकशी करतात. आपण शनिवारी आलो असतो तर काय झालं असतं, हे त्या एकदाच बोलल्या. शिंपिणीने त्यावर "हो" एवढंच म्हटलं. नाही कशाला म्हणायचं?

म्हातारी आता अर्धी वाटी खाते, पण सुनेच्याच हातून, आणि प्रत्येक घासाला काहीतरी नावं ठेवते. वॉर्डात नातेवाइकांना चार ते सहा सोडतात आणि जेवण साडेपाचला येतं. पुलापलीकडे जाणारी बस तीन वीसला आहे. उद्या दुकान तीन वाजता बंद होईल.